पणजीत बसून पोर्ट ऑफ स्पेनचा इतिहास-भूगोल कसा अभ्यासावा

कॅरिबियन बेटावरील एखाद्या राजधानीविषयी निबंध लिहायला किंवा वाचनालयात व्याख्यान द्यायला निघालेला माणूस बहुधा कोलंबसापासून सुरुवात करतो आणि तेथेच अडकतो. ३१ जुलै १४९८ रोजी कोलंबसाला त्रिनिदाद बेट दिसले हे खरे. परंतु त्या घटनेतून पोर्ट ऑफ स्पेन या त्याच्या आजच्या राजधानीविषयी काहीच समजत नाही, कारण तेव्हा तेथे मूळ रहिवाशांच्या वस्तीपलीकडे काही नव्हते आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे स्पेनने या बेटाकडे फारसे लक्षही दिले नाही. या शहराचा अभ्यास करणाऱ्याने सनावळी काही काळ बाजूला ठेवून आधी किनारा पाहावा. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राजधानी हलवली गेली, नदी हलवली गेली आणि समुद्र मागे ढकलला गेला. या तीन हालचाली ज्याला नकाशावर दाखवता येतील त्याला शहराचा निम्मा इतिहास आपोआप सांगता येईल. खाजनांच्या आणि खाड्यांच्या प्रदेशात वाढलेल्या गोमंतकीय वाचकाला ही दृष्टी नवी नाही. म्हणूनच पुढील विवेचनात पणजीचा उल्लेख वारंवार येईल, मात्र तो मोजपट्टी म्हणून. दोन्ही शहरे सारखी आहेत असे सुचवण्यासाठी नव्हे.

आधी दुरून पाहावे

गूगल मॅप्सवर पोर्ट ऑफ स्पेन उघडल्यावर लगेच रस्त्यांमध्ये शिरू नये. त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाचा किनारा एकाच पडद्यावर मावतील इतके मागे यावे. दोहोंमधील सर्वांत अरुंद पाणी जेमतेम ११ किलोमीटरचे आहे, आणि हे एकदा डोळ्यांनी पाहिले की त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा आहे हे भूगोलाच्या पुस्तकाशिवाय पटते. बेट आणि खंड यांच्यामध्ये पारियाचे आखात आहे. उत्तरेला ड्रॅगनची मुखे आणि दक्षिणेला सर्पाचे मुख अशी नावे असलेल्या अरुंद वाटा सोडल्या तर ते जवळजवळ बंदिस्त आहे, त्यामुळे जहाजांना येथे वाऱ्यावादळापासून आसरा मिळतो. परंतु याच आखातात ओरिनोको नदीचा आणि बेटावरील कारोनी नदीचा गाळ येऊन पडतो, म्हणून किनाऱ्याजवळचे पाणी उथळ आणि चिखलट आहे. आसरा आहे पण खोली नाही, ही एक अडचण टिपून ठेवावी; या बंदराच्या पुढच्या सगळ्या बांधकामाचे मूळ तीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोठ्या जहाजांना दूर नांगर टाकावा लागे आणि माल व माणसे लहान होड्यांतून धक्क्यावर आणावी लागत.

आता थोडे जवळ यावे आणि उंचसखलपणा दाखवणारा नकाशा लावावा. शहराच्या उत्तरेला डोंगररांग आहे; तिचे सर्वोच्च शिखर सुमारे ९४० मीटर उंच असून ते शहरापासून बरेच पूर्वेला आहे. या रांगेतून माराव्हाल आणि सेंट ॲन्स अशा दोन खोऱ्यांतील पाणी खाली येते, आणि त्या पाण्याने आणलेल्या गाळाच्या उतारावर शहर वसलेले आहे. पूर्वेला लाव्हेंटिलच्या टेकड्या शहराला भिडतात. आग्नेयेला कारोनीची पाणथळ आणि तिच्यातील कांदळवन पसरलेले आहे. त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी असलेला तांबडालाल शराटी तेथे संध्याकाळी थव्याने विसावतो. चोडण बेटावरील कांदळवन पाहिलेल्या वाचकाला ही भूमी ओळखता येईल. डोंगर, टेकडी, पाणथळ आणि उथळ समुद्र अशा चार बाजूंनी कोंडलेल्या शहराला वाढायला जागा कोठून मिळाली, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

हवामानाची नोंद एका परिच्छेदात उरकली तरी चालेल, पण ती गोव्याच्या पावसाच्या हिशेबाने करू नये. पोर्ट ऑफ स्पेन सुमारे १०°४०' उत्तर अक्षांशावर, म्हणजे पणजीच्याही दक्षिणेला आहे. तेथे जानेवारी ते मे कोरडा आणि जून ते डिसेंबर पावसाळी काळ मानतात. मधे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास थोडी उघडीप मिळते. कॅरिबियनमधील बहुतेक चक्रीवादळे बेटाच्या उत्तरेकडून निघून जातात. तरीही शहराचा खालचा भाग जोराच्या सरीत पाण्याखाली जातो, आणि तसे का होते ते किनाऱ्याच्या प्रकरणात समजते.

आकाराविषयी एक इशारा येथेच द्यायला हवा. त्रिनिदाद बेट सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे आहे, गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे. २०११ च्या जनगणनांप्रमाणे पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरहद्दीत सुमारे ३७ हजार आणि पणजी महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४० हजार लोक राहत होते. हे आकडे शेजारी मांडले की दोन्ही राजधान्या सारख्याच वाटू लागतात, पण ते फसवे आहे. पोर्ट ऑफ स्पेनपासून पूर्वेला अरिमापर्यंत डोंगराच्या पायथ्याने सलग वस्ती आहे आणि देशाच्या लोकसंख्येचा मोठा वाटा त्या पट्ट्यात राहतो. ताळगाव आणि पर्वरी वगळून पणजीची गर्दी मोजणाऱ्याची जी गत होईल तीच नगरहद्दीचा आकडा तेवढा देणाऱ्याची होते.

राजधानी हलली तो काळ

आता सनावळीकडे वळावे, परंतु १५९२ पासून. त्या वर्षी अंतोनियो दे बेर्रियो या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या वतीने त्रिनिदादवर सान होसे दे ओरुन्या हे गाव वसवले गेले आणि तीच बेटाची राजधानी ठरली. आज सेंट जोसेफ या नावाने ओळखले जाणारे हे ठिकाण पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेला, समुद्रापासून आत आहे. बंदर सोडून राजधानी आत नेण्याचे कारण उघड होते, चाचे आणि शत्रूची जहाजे; तरीही १५९५ मध्ये इंग्रज वॉल्टर रॅले याने किनाऱ्यावरील पहारा कापून काढला आणि आत जाऊन सान होसे जाळले. स्पॅनिशांचे बंदर म्हणून ओळखली जाणारी किनाऱ्यावरची वस्ती त्या काळात आणि पुढे दीड शतक केवळ धक्का, काही कोळ्यांची घरे आणि चिखल एवढीच राहिली.

१७५७ मध्ये गव्हर्नर पेद्रो दे ला मोनेदा याने आपले बिऱ्हाड सान होसेहून या बंदरावर हलवले. येथे गोमंतकीय वाचकाच्या मनात १७५९ हे वर्ष चमकल्याशिवाय राहणार नाही, कारण त्याच वर्षी पोर्तुगीज व्हाइसरॉय जुन्या गोव्याकडून मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात, म्हणजे पणजीला, राहायला आला. दोन वर्षांच्या अंतराने दोन वसाहतींचे शासक समुद्रमुखाकडे सरकले, ही मांडणी व्याख्यानात फार आकर्षक दिसते. ती करावी, पण कारणे वेगवेगळी सांगावीत. जुने गोवे रोगराईने ओस पडत चाललेले मोठे नगर होते. सान होसे कधी मोठे झालेच नव्हते, आणि तेथे गव्हर्नराला राहण्याजोगे घरही उरले नव्हते. आणखी एक साम्य अधिक उपयोगाचे आहे, ते असे की दोन्ही ठिकाणी शासक आधी आला आणि राजधानीचा कागद नंतर. पणजीला तो दर्जा १८४३ च्या राजाज्ञेने मिळाला. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये नगरसभा आणि कारभार गव्हर्नराच्या मागोमाग १७८० च्या दशकात आले. त्यामुळे राजधानी कधी हलली या प्रश्नाला वेगवेगळ्या लिखाणांत वेगवेगळी वर्षे सापडतात. अशा वेळी एक वर्ष खोटे ठरवण्यापेक्षा त्या वर्षी नेमके कोण हलले, माणूस की दप्तर, हे पाहावे.

ते दप्तर हलण्यामागे १७८३ चा वसाहतीचा फर्मान आहे. बेटावर माणसेच नाहीत म्हणून स्पेनच्या राजाने कॅथलिक परकीयांना जमीन देऊ केली. आपल्याबरोबर गुलाम आणणाऱ्याला त्यांच्या संख्येनुसार अधिक जमीन मिळे. या आमिषाने ग्रेनाडा, मार्तिनिक इत्यादी बेटांवरील फ्रेंच भाषिक मळेवाले आले, त्यांच्याबरोबर आफ्रिकी गुलाम आले, आणि मुक्त कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय जमीनदारही आले. ध्वज स्पेनचा, रस्त्यावरची भाषा फ्रेंच वळणाची आणि श्रम आफ्रिकेचे, अशी विचित्र रचना काही वर्षांत उभी राहिली. ती न समजता पुढचे काहीही उलगडत नाही, म्हणून या फर्मानाला अभ्यासात पुरेसा वेळ द्यावा. कोलंबसासाठी राखलेली पानेही यालाच द्यावीत, असे माझे मत आहे.

नदी आणि समुद्र

शेवटचा स्पॅनिश गव्हर्नर होसे मारिया चाकोन याच्यापुढे वाढत्या गावाचा प्रश्न होता. सेंट ॲन्सच्या खोऱ्यातून येणारी नदी तेव्हा गावाच्या मध्यभागातून वाहत असे आणि पावसात घरांत शिरत असे. १७८७ मध्ये त्याने तिचे पात्र वळवून पूर्वेला, लाव्हेंटिलच्या टेकड्यांच्या पायथ्याशी नेले. गाव कोरडे झाले आणि पसरायला जागा मिळाली. नकाशावर या नदीचा आजचा मार्ग बोटाने चालून पाहावा: वरच्या खोऱ्यात ती नैसर्गिक वळणे घेते, शहरात आल्यावर मात्र काँक्रीटच्या सरळ नाल्यात कोंडली जाते. एरवी ती इतकी आटलेली असते की लोक तिला ड्राय रिव्हर म्हणतात. तिच्या पूर्वेकडचा भाग पुढे गरीब वस्तीचा झाला, पश्चिमेकडचा व्यापारी पेठेचा. म्हणजे पाण्यासाठी काढलेली रेषा समाजाचीही सीमा ठरली. पणजीतील सांतिनेझची खाडी ज्याने ओहोटीच्या वेळी पाहिली आहे, त्याला शहर आपल्या पाण्याशी कसे वागते हे वेगळे सांगायला नको.

समुद्राची गोष्ट याहून मोठी आहे आणि ती टप्प्याटप्प्याने शोधावी लागते. पद्धत सोपी आहे. एखादा जुना, सन छापलेला नकाशा घ्यावा. डिजिटल लायब्ररी ऑफ द कॅरिबियनच्या संग्रहात असे नकाशे संगणकावर पाहता येतात. त्यातील किनाऱ्याची रेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवून आजच्या नकाशावर ठेवावी. जुळवणीसाठी वुडफर्ड चौक आणि दोन्ही कॅथीड्रल हे स्थिर बिंदू धरावेत, कारण ते आपल्या जागेवरून हललेले नाहीत. स्पॅनिश काळात पाणी आजच्या इंडिपेन्डन्स स्क्वेअरपर्यंत येत होते. त्या रुंद पट्ट्यावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भर घालून मरीन स्क्वेअर (इंडिपेन्डन्स स्क्वेअरचे जुने नाव) तयार करण्यात आला. सान आंद्रेस हा छोटा किल्ला एकेकाळी किनाऱ्यापासून सुटा, पाण्यात होता. आज तो रस्त्यांच्या मधोमध कोरड्या जमिनीवर आहे. जुने दीपगृहही समुद्र सोडून वाहनांच्या गर्दीत किंचित कललेले उभे आहे. शेवटची मोठी भर १९३० च्या दशकात पडली. खोल पाण्याचे बंदर करण्यासाठी समुद्रतळ उपसण्यात आला आणि निघालेल्या गाळानेच किनारा पुढे सरकवण्यात आला; राइटसन रोड याच भरावावरून जातो. मघा टिपून ठेवलेल्या अडचणीचे उत्तर येथे मिळते, आणि दक्षिण भागात पाणी का तुंबते याचेही, कारण तो भाग मुळात समुद्राच्या पातळीला लागून आहे.

रस्त्यांच्या नावांवरून राजवटी ओळखणे

फेब्रुवारी १७९७ मध्ये राल्फ ॲबरक्रॉम्बीच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश आरमार आले. स्पॅनिश नौदल प्रमुखाने आपली जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच जाळली आणि चाकोनने शरणागती पत्करली. १८०२ च्या तहाने बेट ब्रिटनचे झाले. जिंकणारा आणि हरणारा अशा दोघांच्याही नावाचे रस्ते आज मध्यवस्तीत आहेत, ही गोष्ट मला या शहराविषयी विशेष बोलकी वाटते.

२४ मार्च १८०८ च्या आगीत लाकडी घरांचे हे गाव बहुतांश भस्मसात झाले. आपण आज जे आखीव शहर पाहतो ते त्यानंतरचे, आणि बरेचसे १८१३ ते १८२८ या काळातील गव्हर्नर राल्फ वुडफर्ड याचे आहे. त्याने चौक आखले, दोन कॅथीड्रले उभारण्याला चालना दिली आणि शहराच्या उत्तरेला पेशिये कुटुंबाच्या मळ्याची जमीन घेऊन क्वीन्स पार्क सव्हाना हे सुमारे २६० एकरांचे मोकळे मैदान राखले. पणजीत याच्याशी ताडून पाहण्याजोगा माणूस म्हणजे दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु. १८२७ ते १८३५ या काळात त्याने दलदल बुजवून पणजीचे रस्ते आणि चौक आखले.

मूळ चौकटीच्या बाहेर पडल्यावर प्रत्येक उपनगर हा पूर्वीचा एखादा मळा होता असे धरून चालावे, आणि त्याचा मालक शोधावा. वुडब्रूक हा उसाचा मळा पुढे अंगोस्तुरा बिटर्स हा पेयात घालायचा कडवट अर्क बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाकडे गेला, त्यामुळे तेथील गल्ल्यांना कार्लोस, लुइस, अल्फ्रेदो अशी त्या घरातील व्यक्तींची नावे आहेत. त्याच्या पश्चिमेला सेंट जेम्समध्ये कलकत्ता, मद्रास, बॉम्बे, दिल्ली, लखनौ अशा नावांचे रस्ते एकापाठोपाठ एक भेटतात. त्यांच्यामागे वेठकरारावर आलेल्या भारतीय मजुरांचा इतिहास आहे.

गोमंतकीय अभ्यासकाने कोठे सावध राहावे

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले पहिले सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर घेऊन पारियाच्या आखातात आले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय त्रिनिदादला नेण्यात आले. १८६६ पासून त्यांना शहरासमोरच्या नेल्सन बेटावर आधी उतरवून तपासले जाई. हे बेट नकाशावर अवश्य दाखवावे. मात्र बॉम्बे स्ट्रीट दिसला म्हणून त्यांच्यात कोकणी-मराठी माणूस शोधू नये. हे लोक मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील भोजपुरी-अवधी मुलखातून, काही मद्रासकडून आले होते.

दुसरा सापळा आडनावांचा आहे. पोर्ट ऑफ स्पेनच्या इतिहासात फर्नांडिस, गोम्स, दे फ्रेतास ही नावे भेटतात, आणि म्हापसा-मडगावच्या वाचकाला ती लगेच आपली वाटतात. ही मंडळी मादेरा बेटावरून, विशेषतः १८४६ पासून, आलेल्या पोर्तुगीजांचे वंशज आहेत. १९५० ते १९५६ या काळात त्रिनिदादच्या राजकारणात मुख्यमंत्र्याच्या तोलाचे स्थान असलेले ॲल्बर्ट गोम्स याच समाजातील होते. गोव्याशी त्यांचा संबंध जोडणारे वाक्य लिहिण्याचा मोह आवरावा.

तिसरा सापळा कार्निव्हलचा, आणि तो सर्वांत खोल. उपासकाळापूर्वीचा कॅथलिक सण हा धागा दोन्हीकडे समान आहे, पण त्रिनिदादला तो पोर्तुगिजांनी नेला नाही. १७८३ नंतर आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी तो आपल्या वाड्यांत सुरू केला. १८३० च्या दशकात गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी तो रस्त्यावर आणला आणि जळत्या उसाच्या आठवणीतून निर्माण झालेली मशालींची मिरवणूक त्यात मिसळली. १८८१ मध्ये पोलिसांनी ती अडवली तेव्हा शहरात मोठी दंगल झाली. ढोलांवर बंधने आल्यावर बांबू बडवण्यात येऊ लागले, आणि १९३० व १९४० च्या दशकांत लाव्हेंटिल आणि ड्राय रिव्हरच्या पूर्वेकडील वस्त्यांत पत्र्याच्या डब्यांपासून व तेलाच्या पिंपांपासून स्टीलपॅन हे वाद्य घडले. पणजीच्या कार्निव्हलमधील किंग मोमोच्या मिरवणुकीशी त्याची तुलना करायची असेल तर ती या दंगलीपासून सुरू करावी, रंगीत पोशाखांपासून नव्हे.

खरा गोमंतकीय धागा हवाच असेल तर तो क्वीन्स पार्क ओव्हल या मैदानावर सापडतो. मडगावला जन्मलेले दिलीप सरदेसाई यांनी मार्च १९७१ मध्ये येथे शतक झळकावले, सुनील गावसकर यांनी येथेच कसोटी पदार्पण केले आणि भारताने वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळवला.

विसावे शतक नकाशावर

विसाव्या शतकासाठी एकच इमारत निवडावी असे मी सुचवेन, ती म्हणजे वुडफर्ड चौकासमोरील रेड हाउस, आजचे संसदभवन. २३ मार्च १९०३ रोजी पाणीपट्टी आणि मीटर यांविषयीच्या कायद्यावरून संतापलेल्या जमावाने ती जाळली आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. आजची इमारत १९०७ मध्ये उघडली. समोरच्या चौकात १९५० च्या दशकात पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी जाहीर व्याख्याने दिली, १९५८ ते १९६२ या काळात हे शहर अल्पजीवी वेस्ट इंडीज संघराज्याची राजधानी झाले, आणि ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र त्रिनिदाद-टोबॅगोची. सव्हानाच्या पश्चिमेला उभी असलेली सात भव्य घरे या काळातील कोकोच्या पैशाची आणि वसाहती दिमाखाची साक्ष देतात; छायाचित्रांसाठी ती उत्तम, अभ्यासासाठी दुय्यम.

संसदेचा पत्ता लिहिताना मात्र वर्ष तपासून घ्यावे. रेड हाउसच्या डागडुजीसाठी २०११ मध्ये संसद राइटसन रोडवरील उंच इमारतीत, म्हणजे समुद्र बुजवून मिळवलेल्या जमिनीवर, हलवण्यात आली आणि जानेवारी २०२० मध्ये परत आली. या दोन्ही जागा आपल्या ट्रेसिंग पेपरवर जुन्या किनाऱ्याच्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे दाखवाव्यात, आणि नकाशाच्या कोपऱ्यात तो कोणत्या वर्षाचा आहे ते लिहावे.